भाऊ म्हणतो सायकॉलॉजी सायन्स नाही, बहीण त्याच्याशी बोलत नाही

पत्र :

नमस्कार मॅडम, मी कराडची. तुमचं सदर नेहमी वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीये. मला दोन मुलं. मोठा पुण्यात फिजिक्समधे एमएस्सी करतोय, धाकटी कोल्हापूरला एमए सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावी सायन्सला तिला ८८ टक्के होते तरी आर्ट्सला गेली, तेव्हापासून घरात धुसफूस आहेच. मिस्टर पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, आता रिटायर झालेत.

गौरीजेवणाच्या दिवशी दोघं घरी होते आणि पानावरच जुंपली. मुलगा म्हणाला, तुमचं ते सायन्सच नाही, तुमचेच प्रयोग परत करून बघितले तर निम्म्याहून जास्त फेल जातात. मुलगी म्हणाली, तुझ्या इलेक्ट्रॉनला मन नसतं म्हणून तुझं सगळं सोपं आहे. मधेच मिस्टर बोलले, हार्ड सायन्स ते हार्ड सायन्स, सॉफ्ट ते सॉफ्ट, लोकांशी गप्पा मारायला डिग्री कशाला लागते. ती भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून भावाशी आणि वडिलांशी बोलत नाही, फोन फक्त मला करते.

घरात असा अबोला झाल्याचं मी एकदाच ऐकलंय. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं तेव्हा सासरे म्हणे वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हते, सासूबाई सांगायच्या. आता पुढच्या सेमची फी भरायची आहे आणि मिस्टर म्हणतात सोड ते, बीएड कर. मी स्वतः बारावी शिकलेली, मला यातलं कळत नाही. खरं कोणाचं? तिचं शिक्षण वाया चाललंय का? मिस्टरांना काय सांगू?

- एक आई, कराड

उत्तर :

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सरळ विचारलंय म्हणून मीही सरळच सांगते. मुलगा जे बोलला ते बरंचसं खरं आहे, मुलगी जे बोलली तेही बरंचसं खरं आहे, आणि मिस्टर जे बोलले ते चूक आहे. दोघांच्या हातात अर्धं अर्धं खरं असलं ना की भांडण मिटत नाही, कारण दोघांनाही आतून माहीत असतं की आपण खोटं बोलत नाही आहोत.

मी ३१ वर्षं पुण्यात कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवलं. हा विषय असा आहे की फिजिक्सची मुलंही यायची आणि सायकॉलॉजीचीही, एका बाकावर बसायची आणि एकमेकांकडे बघायची नाहीत. त्यामुळे तुमच्या घरातलं हे भांडण मी दरवर्षी वर्गात बघितलंय आणि मला त्याबद्दल खूप काही वाटतं, तर जरा लांबेल, वाचा.

आधी मुलाचं. तो जे म्हणाला ते हवेतलं नाहीये. २०१५ साली 'सायन्स' या जर्नलमधे एक पेपर आला, जगभरातल्या पावणेतीनशेच्या आसपास संशोधकांनी मिळून सायकॉलॉजीतले आधी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमधे ठळक निष्कर्ष निघाला होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांमधे तसा निघाला. हे मुलीनं मान्य करायला हवं, तिला कितीही लागलं तरी. पण यात एक गोष्ट मुलगा सांगायला विसरला, किंवा त्याला माहीत नसेल. हे काम फिजिक्सवाल्यांनी केलेलं नाही, सायकॉलॉजीच्याच लोकांनी स्वतःच्या विषयाची झडती घेतली आणि जे निघालं ते छापून टाकलं. आपलं घर आपणच उघडून दाखवायला किती हिंमत लागते हे तुम्हाला सांगायला नको.

आणि दुसरं, अशी झडती फक्त तिथेच झाली असंही नाही. २०१२ मधे ॲमजेन या औषध कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की कॅन्सरवरचे ५३ गाजलेले अभ्यास त्यांनी पुन्हा करून बघितले आणि फक्त ६ जमले. तिथे टेस्ट ट्यूब आहेत, पेशी आहेत, उंदीर आहेत, पांढरे कोट आहेत, त्याला कोणी सॉफ्ट म्हणत नाही. म्हणजे पुन्हा करून बघितलं की फसणं ही काही मनाच्या अभ्यासाचीच खोड नाही, जिथे जिथे सजीव येतो, नमुने थोडे असतात आणि भारी निष्कर्ष छापायची घाई असते तिथे तिथे ती आहे.

तरी मी म्हणते फिजिक्स यात पुढे आहे आणि खूप पुढे आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा एक आकडा असतो, तो कागदावर गणित करून काढता येतो आणि प्रयोगात मोजताही येतो, आणि दोन्ही आकडे दशांश चिन्हाच्या पुढे दहा घरांपर्यंत जुळतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते, माणसाच्या बुद्धीनं केलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे असं मला आजही वाटतं. तुमच्या मुलाला त्याचा अभिमान असेल तर तो बरोबर आहे. त्यामुळे मुलीचं ते "तुझं सोपं आहे" हे वाक्य त्याच्यावर अन्याय करणारं आहे, त्या दहा घरांपर्यंत पोचायला लोकांची आयुष्यं गेली आहेत.

पण हे जुळतं का, तर इलेक्ट्रॉन इथून तिथून सगळे सारखे. पुण्यातला आणि टोकियोतला वेगळा नाही, कालचा आणि आजचा वेगळा नाही. त्याला एकट्याला पकडून ठेवता येतं, बाकी सगळ्यापासून तोडता येतं, आणि आपण त्याच्याबद्दल काय छापलं हे वाचून तो उद्या वेगळा वागत नाही. माणसाला असं तोडता येत नाही. त्याची आई असते, कर्ज असतं, जात असते, काल रात्री झोप झालेली नसते, आणि वर तुम्ही त्याला प्रश्न विचारला की त्या प्रश्नानंच तो थोडा बदलतो. हार्ड आणि सॉफ्ट यातला फरक एवढाच आहे ताई, ज्याचा अभ्यास करायचा ती वस्तू किती एकटी पाडता येते आणि किती वेळा तशीच्या तशी पुन्हा मिळते. अभ्यास करणाऱ्याच्या डोक्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे गोंधळ होतो तो शब्दामुळे. पेपर हार्ड गेला म्हणतो आपण, म्हणजे अवघड गेला. मग हार्ड सायन्स म्हणजे अवघड सायन्स आणि सॉफ्ट म्हणजे आपोआप सोपं, असं डोक्यात बसतं, आणि त्याच्यावर दहावीच्या मार्कांची चिकटपट्टी लागते, नव्वदच्या वर तो सायन्सला, त्याखाली कॉमर्स, आणि उरलेला आर्ट्सला. विषयाचा स्वभाव राहिला बाजूला, मुलांची उतरंड तयार झाली. तुमच्या मुलीला ८८ टक्के मिळूनही ती "खाली" गेली असं घरात वाटतंय ते यामुळे. मराठी भाषेला हा भेद माहीतच नाही खरं तर, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, सगळ्याला आपण शास्त्रच म्हणत आलोय. आणि ज्यानं विज्ञानांची शिडी सगळ्यात ठसठशीत मांडली तो फ्रेंच विचारवंत ऑगस्त कोंत, त्याच्या १८३० ते १८४२ मधे आलेल्या ग्रंथात गणित, खगोल, फिजिक्स, केमिस्ट्री, जीवशास्त्र आणि मग शेवटी समाजशास्त्र असा क्रम आहे. शेवटी, कारण त्याच्या मते त्यात गुंता सगळ्यात जास्त, आधीची सगळी पायरी पायरीनं आल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. त्याचं सगळं मला पटतं असं नाही, पण शेवटचा म्हणजे सोपा हे त्याच्या मनातही नव्हतं.

आता तुम्ही कोयनेचं लिहिलंत, ते वाचून मला राहवेना. तुमच्या घरातल्या या वादाचं उत्तर तुमच्या घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर उभं आहे.

कोयनेचं धरण, भिंत १०३ मीटर उंच. या भिंतीवर किती पाण्याचा किती दाब येईल हे गणित करून सांगता येतं, तुमचे मिस्टर झोपेतसुद्धा सांगतील. ते हार्ड. मग १९६७ च्या ११ डिसेंबरची पहाट, रिश्टर मापावर सहाच्या वरचा भूकंप, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं, आणि त्या भिंतीलाही वरच्या भागात तडे गेले, नंतर ती मजबूत करावी लागली. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं शांत समजला जायचा, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जेवढा धक्का धरून डिझाइन केलं होतं त्याच्या कितीतरी पट जोराचा धक्का आला. म्हणजे दाबाचं गणित चुकलं नव्हतं, खाली जमिनीत काय चाललंय हे माहीत नव्हतं. त्यानंतर जगभरातले भूभौतिकशास्त्रज्ञ कोयनेवर अभ्यास करतायत, तुमच्या कराडजवळच केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर मारून खडकातला ताण, तापमान सगळं बघितलंय. हे सगळं पक्कं फिजिक्स आहे. आणि तरी पुढचा मोठा धक्का कोणत्या दिवशी येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. का, तर खडक एकटा पाडता येत नाही, तो भूकंप पुन्हा करून बघता येत नाही. फिजिक्सच्याच पोटात ही मऊ जागा आहे, मुलाला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

आणि तिसरा प्रश्न याच पाण्याचा. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्यांचं काय झालं? हा प्रश्न विचारायला जे गेले त्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे होत्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या, आणि त्यांची मुलगी जाई निंबकर. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ मधे छापून आली, इरावतीबाई जायच्या वर्षभर आधी. भिंतीचा दाब मोजणं हार्ड आणि त्या भिंतीनं उठवलेली माणसं मोजणं सॉफ्ट, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमचे सासरे वर्षभर कोणाशी बोलले नाहीत, हे काय होतं? त्याला नाव काय, ते सगळ्यांनाच झालं का, ज्यांना गावातल्यांसोबत एकत्र जमीन मिळाली त्यांना कमी झालं का, ज्यांच्या वाड्या विखुरल्या त्यांना जास्त झालं का, त्यातून माणूस बाहेर कशानं येतो? हे प्रश्न खरे आहेत, त्यांना खरी आणि खोटी उत्तरं असू शकतात, आणि ती शोधायला गप्पा पुरत नाहीत, पद्धत लागते. तुमची मुलगी ती पद्धत शिकतेय.

इरावतीबाईंचा विषय निघालाच आहे तर अजून एक सांगते, हे मुलाला आणि मुलीला दोघांनाही सांगा. त्या १९३० च्या सुमारास बर्लिनला पीएचडी करत होत्या, ऑयगेन फिशर हे त्यांचे गाइड, वंशांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेवर विश्वास असलेला माणूस. युरोपियनांच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध आहे, अशा विचाराची ती जागा होती. इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. आता विचार करा, कॅलिपर आहे, मिलीमीटर आहेत, तक्ते आहेत, यापेक्षा हार्ड दिसणारं काम कोणतं? त्यांनी नेकीनं मोजलं आणि वंशाप्रमाणे तसा काही फरक दिसत नाही असं लिहून दिलं, गाइडला न आवडणारं. म्हणजे बघा, मापं अगदी बारीक घेतली म्हणून विज्ञान पक्कं होत नाही, प्रश्नच नासका असेल तर मिलीमीटरसुद्धा नासक्या कामाला लागतात. आणि माणूस प्रामाणिक असेल तर तीच मापं त्या प्रश्नाला खाली पाडतात. आणि या बाईंचं सासर कोणतं? नवरा दिनकर कर्वे, केमिस्ट्रीचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. सासरे महर्षी कर्वे, गणित शिकवायचे. गणित, रसायन आणि मानववंशशास्त्र एका घरात नांदलं.

माझ्या स्वतःच्या अनुभवातलं एक सांगते. मोजणं म्हणजे काय हे मला एका सायकॉलॉजीच्या मुलीनं शिकवलं, मी तिची स्टॅटिस्टिक्सची मार्गदर्शक होते. तिला खेड्यातल्या बायकांच्या मानसिक त्रासाची पाहणी करायची होती. इंग्रजी प्रश्नावली भाषांतर करून घेऊन गेली, मुळशीकडचं गाव, "तुम्हाला उदास वाटतं का?" एकीनंही हो म्हटलं नाही. एक बाई म्हणाल्या, उदास व्हायला सवड कुठाय बाई. आता मी असते तर आकडे भरले असते, शून्य टक्के, सगळ्या ठणठणीत, आणि सॉफ्टवेअरनं ते निमूटपणे घेतले असते. ती पोर तसं न करता परत गेली, त्यांच्यात बसली, त्यांच्या सोबत शेंगा फोडल्या, आणि ऐकत राहिली. मग कळलं की त्या म्हणतात कशात जीव रमत नाही, डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. तिनं त्या शब्दांतून प्रश्न बांधले, पंधरा दिवसांच्या अंतरानं त्याच बायकांना पुन्हा विचारून बघितले, दोन वेगवेगळ्या मुलींकडून विचारून घेतले, उत्तरं जुळतात का बघितलं, न जुळणारे प्रश्न काढून टाकले. तिच्या भाषेत याला रिलायबिलिटी (पुन्हा मोजलं तरी तेच येणं) आणि व्हॅलिडिटी (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) म्हणतात. दीड वर्षं गेलं, फक्त मोजपट्टी तयार करण्यात. फिजिक्सच्या लॅबमधे मुलगा जातो तेव्हा पट्टी आधीच तयार असते, ती शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी घासून घासून बनवून ठेवलेली असते. त्या पोरीला पट्टीही बनवायची होती आणि मोजायचंही होतं.

त्या आधी मीही वर्गात "तुमच्या आर्ट्सवाल्यांना एवढं खोलात जायची गरज नाही" असं म्हणून मोकळी व्हायची. ते मी किती मुलांना म्हटलं असेल आणि किती मुलं त्यामुळे अर्धवट शिकून गेली असतील याचं मला आजही वाईट वाटतं. आपणच त्यांना कमी शिकवायचं आणि नंतर त्यांचं काम कच्चं म्हणायचं, हे चालत आलेलं आहे.

माणूस मधे आला की साधा आकडासुद्धा कसा निसटतो याचं तुमच्या जिल्ह्याशी जोडलेलं उदाहरण आहे. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मधे देशातली गरिबी मोजली, माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असं धरून. कॅलरी हे तर उष्णतेचं माप, फिजिक्सचंच. तरी सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, ते म्हणाले अहो, निरोगी माणसाची गरज रोज एकच नसते, शरीर कमी-जास्तीशी जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या खाली जो जो आहे तो तो उपाशी असं धरता येणार नाही. यावरून दांडेकर-सुखात्म्यांचा मोठा वाद झाला. दोघंही आकड्यांत मुरलेले, आणि दोघांच्या हिशोबात भुकेल्यांची संख्या खूप वेगळी. भूक सॉफ्ट आहे म्हणून हा वाद सोडून द्यायचा का? रेशन कोणाला द्यायचं हे यावर ठरतं.

आता मुलीला माझा निरोप. बाळ, चिडून ताटावरून उठलीस, समजू शकते, पण भावाच्या मुद्द्याला तू उत्तर दिलं नाहीस. तुझ्या विषयाचं दुखणं तुला त्याच्यापेक्षा जास्त माहीत हवं. २०१० मधे डॅनिएले फानेली या संशोधकानं वेगवेगळ्या विषयांतले अडीच हजाराच्या आसपास पेपर तपासले, "आम्ही म्हटलं तसंच निघालं" असं सांगायचे ऑड्स, म्हणजे तसं निघण्याचं न निघण्याशी प्रमाण, सायकॉलॉजी-सायकियाट्री आणि इकॉनॉमिक्समधे अवकाशविज्ञानाच्या साधारण पाचपट होते. जिथे माप सैल असतं तिथे संशोधकाला आपल्या मनासारखं बघायला जास्त जागा मिळते, हे त्यातून दिसतं, आणि हे पचवायला जड आहे. म्हणून तू स्टॅटिस्टिक्स इतरांपेक्षा दुप्पट शिक, प्रयोगाआधी काय तपासणार ते लिहून ठेवायची सवय लाव, नमुना लहान असेल तर निष्कर्ष मोठा लिहू नको. आणि तुझ्या विषयात टिकलेलं काय आहे तेही पाठ ठेव. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मधे स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख काढला तो २०१५ मधे पुन्हा करून बघितला तर जवळपास तसाच निघाला. लाल शाईत "निळा" लिहिलं की शाईचा रंग सांगताना जीभ अडखळते, तो स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग, घरात भावावर करून दाखव, दर वेळी जमतो.

आणि मुलाला निरोप असा की सप्टेंबर २०११ आठव. सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेपर्यंत ७३० किलोमीटर, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले अशी बातमी फिजिक्सवाल्यांनीच दिली होती. पुढच्या वर्षी कळलं, एक फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. त्या लोकांना कोणी हसावं असं मला वाटत नाही, कारण त्यांनी जगाला सांगितलं होतं की आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. तू ज्याला सायन्स म्हणतोस ते हेच ना? मग २०१५ मधे तुझ्या बहिणीच्या विषयातल्या लोकांनी दुसरं काय केलं?

राहिले मिस्टर. त्यांना वाद घालून पटणार नाही ताई, रिटायर झालेल्या माणसाला घरात कोणी चूक म्हटलं की जास्त लागतं, तुम्ही वाद घालूच नका. संध्याकाळी चहा देताना एकच विचारा, तुमच्या कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत का पोचायचं नाही? कालव्याचा उतार तर बरोबर काढलेला असायचा, विसर्ग हिशोबात असायचा, मग पाणी मधेच कुठे जायचं? ते स्वतःच सांगायला लागतील, वरच्यांनी दारं कशी फोडली, रात्रीच्या पाळीला कोण कोण कोणाचे नातेवाईक होते, पाणी सोसायटी एका गावात का चालली आणि शेजारच्या गावात का मोडली. तीस वर्षं त्यांनी हीच माणसं बघितलीत. मग फक्त एवढं म्हणा, की पोरगी हेच शिकतेय. बाकी काही बोलू नका, त्यांना विचार करू द्या.

पोटापाण्याचं विचारलं नाहीत पण मनात असणार. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला पुढचा कोर्स आणि नोंदणी लागते, हे तिला माहीत असेलच पण तुम्हालाही माहीत असू दे, म्हणजे दोन वर्षांनी अजून शिकायचंय म्हणाली तर घरात परत तेच नको. तिला बीएड करायचं असेल तर तिच्या मनानं करेल, भावाच्या आणि वडिलांच्या एका वाक्यामुळे नको.

तिचं शिक्षण वाया जात नाहीये. दिवाळीला दोघं आली की एक दिवस चौघं कोयनेला जाऊन या, धरण लांबून दिसेल, तुमचं मूळ गाव कोणत्या बाजूला होतं ते मिस्टरांना दाखवायला सांगा, आणि सासऱ्यांच्या त्या वर्षाबद्दल तुम्हाला जे जे आठवतंय ते मुलांना सांगा. मुलाला वाटलं तर तो भूकंपाबद्दल बोलेल, मुलीला वाटलं तर ती आजोबांबद्दल विचारेल, नाहीच बोलले तरी डबा सोबत खातील. पण ती दिवाळीची गोष्ट झाली. फी मात्र शेवटच्या तारखेपर्यंत ताणू नका, तुमच्या नावावर काही असेल तर त्यातून उद्याच भरा आणि पावतीचा फोटो तिला पाठवा.